वीस लिटरचा समुद्र आणि सोलापूरचं ऊन

या विकांताचा विषय जरा विचित्र आहे. समुद्रापासून जवळजवळ तीनशे किलोमीटर आत, साडेचारशे मीटर उंचीवर वसलेल्या सोलापुरात वीस लिटर खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची असेल, तर तिच्यावर दिवा कुठला लावायचा?

खरं म्हणजे हा प्रश्न पंधरा मिनिटांत सुटायला हवा. चार दुकानांतले भाव बघायचे, वॅट बघायचे, विकत घ्यायचा. पण मी या दिव्यांचा इतिहास वाचायला बसलो आणि तीन विकांत त्यातच गेले. कारण प्रत्येक नव्या दिव्यामागे एकच जुना प्रश्न दिसायला लागला: हा दिवा नेमका कुणासाठी? काचेबाहेरून बघणाऱ्यासाठी, की काचेच्या आत राहणाऱ्यासाठी? या प्रश्नाचं उत्तर गेल्या पावणेदोनशे वर्षांत तीन-चार वेळा बदललं, आणि प्रत्येक बदलाबरोबर दिवाही बदलला.

आधी थोडी ओळख. ‘रीफ टँक’ म्हणजे नुसती खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी नव्हे. तिच्यात प्रवाळ आणि त्यांचे भाऊबंद असतात, मासे असले तर असले. वीस-पंचवीस लिटरच्या टाकीत मासा न ठेवणंच बरं. प्रवाळ म्हटलं की आपल्याकडे मंगळासाठी अंगठीत घालायचं पोवळं आठवतं. तेही प्रवाळच, पण ते भूमध्य समुद्रात अंधाऱ्या कपारींत वाढतं आणि त्याला उजेड लागत नाही. उथळ, उबदार पाण्यात खडकच्या खडक बांधणारे प्रवाळ वेगळे. त्यांना ऊन लागतं. हा फरक नीट कळायला माणसाला शंभर वर्षं लागली.

(सोलापूरचा आणि समुद्राचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर त्याला वालचंद हिराचंद हे नाव सांगावं. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या या माणसाने १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारण्यात पुढाकार घेतला. त्यांनी जहाजं काढली, आपण वीस लिटर पाणी भरतोय. :) असो.)

खिडकीतला समुद्र

१८४६ साली ॲना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावाहून काही छोटे प्रवाळ लंडनच्या घरी नेले. पंप नाही, वीज नाही. मग त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशी उभी राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसायची, म्हणजे पाण्यात हवा मिसळावी. पुढच्या वर्षी बाईंनी त्यात समुद्री शेवाळ घातलं आणि हा संसार जवळजवळ तीन वर्षं टिकला. घरात टिकवलेला समुद्र म्हणून इतिहासकार ज्या पहिल्या उदाहरणांकडे बोट दाखवतात त्यातलं हे एक, आणि त्यात प्रवाळ होते ही मला फार गमतीची गोष्ट वाटते.

पण त्या प्रवाळांना खिडकी लागली ती हवेसाठी आणि शेवाळासाठी. इंग्लंडच्या थंड पाण्यातले ते प्रवाळ, त्यांना स्वतःला उजेडाची गरज नव्हती. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडलं आणि त्यानंतर युरोपभर त्याची लाट आली. प्रेक्षक अंधाऱ्या बोळात, टाकी उजेडात, ही मांडणी त्याच काळात रुळली. दिवा बघणाऱ्यासाठी. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं, त्याचीही रीत हीच. आमच्या पिढीत शाळेच्या सहलीतून ते पाहिलेल्यांना तो अंधार आणि त्या उजळ काचा आठवत असतील. समुद्र रस्त्यापलीकडेच होता, पाणी तिथूनच यायचं. दिव्याचं काम एवढंच, की मासा दिसावा.

दिव्याचं खरं गिऱ्हाईक

आता जरा विज्ञानाकडे. प्रवाळाच्या अंगात तपकिरी रंगाचे सूक्ष्म गोळे असतात हे एकोणिसाव्या शतकातच दिसलं होतं. १८८० च्या दशकात कार्ल ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञाने अशा गोळ्यांना झूझँथेला हे नाव दिलं. हे शेवाळ आहे, प्राण्याच्या पेशीत राहतंय, इथपर्यंत ठीक. पण ते तिथे करतं काय?

१९२८-२९ मध्ये ब्रिटिशांची एक मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर वर्षभर राहिली. प्रमुख होते सी. एम. याँग. त्यांनी काही प्रवाळ उजेड अजिबात शिरणार नाही अशा पेटीत कोंडून ठेवले. प्रवाळांनी अंगातलं शेवाळ टाकून दिलं, पांढरे पडले, पण खायला मिळालं तोवर जगले. यावरून याँग यांनी निष्कर्ष काढला, की शेवाळ प्रवाळाला जेवू घालत नाही, ते फार तर त्याचा कचरा उचलतं. म्हणजे बघा, प्रयोग चोख होता. निष्कर्ष मात्र अर्धाच निघाला.

त्यानंतर पलाऊ बेटांवरच्या जपानी संशोधन केंद्रात सिरो कावागुती यांनी प्रवाळ आणि उजेड यांच्या नात्यावर चिकाटीने काम केलं. १९४४ साली त्यांनी दाखवलं, की हे शेवाळ डायनोफ्लॅजेलेट या गटातलं आहे. १९५८ साली मस्कॅटीन आणि हँड यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून समुद्रफुलात, म्हणजे सी ॲनिमोनमध्ये, शेवाळाने बनवलेलं अन्न यजमानाच्या शरीरात जाताना पकडलं. १९५९ साली टॉमस गोरो यांनी किरणोत्सारी कॅल्शियम वापरून दाखवलं, की प्रवाळ उजेडात आपला चुनखडीचा सांगाडा अंधारापेक्षा कितीतरी वेगाने बांधतो.

झालं, दिव्याचं गिऱ्हाईक बदललं. काचेबाहेरचा माणूस मागे गेला, आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं तपकिरी शेवाळ पुढे आलं. आपल्या भाषेत बोलायचं तर शंभर वर्षं सगळे यूजर इंटरफेस सजवत बसले होते, आणि रिक्वायरमेंट आली ती बॅकएंडकडून.

आता या गिऱ्हाइकाची आवड. पाणी उजेडातला लाल रंग आधी गिळतं. पहिल्या काही मीटरांतच तो जवळपास संपतो. स्वच्छ समुद्रात सर्वात खोल पोचतो तो निळा. शेवाळाची यंत्रणा त्याच रंगावर बेतलेली आहे: त्यातलं हरितद्रव्य ४३० ते ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड उत्तम पकडतं. आपला डोळा मात्र हिरव्या-पिवळ्याला सर्वात जास्त भुलतो. म्हणून लक्समीटर इथे फसवतो, तो माणसाच्या डोळ्यावर बेतलेला आहे. रीफवाले लोक ‘पार’ मोजतात, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारे फोटॉन दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती पडतात ते. भर दुपारच्या उन्हात हा आकडा दोन हजारांच्या आसपास जातो. आपल्या दिवाणखान्यात रात्री ट्यूब लावल्यावर तो दोन-चारच्या घरात असतो. डोळा दोन्हीकडे सहज जुळवून घेतो, शेवाळाला ते जमत नाही.

ऊन फुकट आहे, पण...

१९६१ साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात लेख लिहिला आणि आपली ‘निसर्गाची पद्धत’ मांडली. समुद्रातून आणलेले जिवंत खडक, समुद्राचं पाणी, हवेचे थोडे बुडबुडे आणि खिडकीतून येणारं ऊन. बाकी यंत्रं शून्य. आजच्या रीफ टँकची वंशावळ बहुतेक लोक इथपासून सुरू करतात.

हे वाचल्यावर सोलापूरकराच्या मनात पहिला विचार येतो: अरे, ऊन तर आपल्याकडेच जास्त आहे! सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तरेला. सूर्य वर्षातून दोनदा बरोब्बर डोक्यावर येतो, एकदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि एकदा ऑगस्टच्या सुरुवातीला. भर दुपारी उभ्या काठीची सावली गायब होते तो शून्य सावलीचा दिवस. मग दिवा विकत घ्यायचाच कशाला? गच्चीवर नाहीतर खिडकीत ठेवा टाकी.

अडचण उजेडाची नाही, उष्णतेची आहे. जकार्ताच्या दमट हवेत पारा वर्षभर तिशीच्या आसपास फिरतो. सोलापुरात मे महिन्यात तो त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो. प्रवाळ आणि त्यांच्या भाऊबंदांना २४ ते २७ अंश आवडतं. ३० च्या पुढे पाणी काही दिवस राहिलं तर संकट. समुद्राला आपलं वजन सांभाळायला अब्जावधी टन पाणी आहे, आपल्याकडे दोन बादल्या. मेच्या उन्हात काचेची दोन बादली टाकी म्हणजे सोलर कुकर.

याचं गणित पुढेही लागेल, म्हणून इथेच मांडतो. वीस लिटर खारं पाणी एक अंशाने तापवायला साधारण ८२ हजार ज्यूल लागतात. १५० वॅटची सगळी उष्णता पाण्यात गेली तर तासाला साडेसहा अंश. निम्मी गेली तरी तीन अंशांवर. १५ वॅटचं हेच गणित तासाला अर्ध्या-पाऊण अंशाचं, आणि निम्मं धरलं तर साधारण एक तृतीयांश अंशाचं. लहान टाकीला दिवा निवडताना हा आकडा आधी बघायचा, रंग नंतर.

स्टेडियमचा दिवा, अमोनिया प्रिंटची नळी

ज्या देशांत हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो त्यांनी काय केलं? त्यांनी दुसऱ्या धंद्यांचे दिवे उसने घेतले. या इतिहासातली मला सर्वात आवडलेली गोष्ट हीच. अगदी अलीकडेपर्यंत प्रवाळांसाठी म्हणून कुणी दिवा शोधून काढलाच नव्हता.

पीटर विल्केन्स यांचं खाऱ्या पाण्यातल्या अपृष्ठवंशी प्राण्यांवरचं पुस्तक १९७३ साली आलं आणि जर्मन भाषकांमध्ये हा छंद जोरात वाढला. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी एक पद्धत बसवली: भरपूर जिवंत खडक, फेस काढून घाण उचलणारा स्किमर, आणि वर मेटल हॅलाइड. हॅलाइड म्हणजे स्टेडियम, कारखान्यांच्या शेड आणि चित्रीकरणासाठी १९६० च्या दशकात बाजारात आलेला दिवा. काचेच्या छोट्या कुपीत प्रखर ठिणगी. पाण्यावर त्याच्या उजेडाच्या लाटा नाचायच्या, अगदी उथळ समुद्रासारख्या. या दिव्याखाली ॲक्रोपोरासारखे नाजूक फांद्यांचे प्रवाळ समुद्रापासून दूर असलेल्या बर्लिनमध्ये वाढले, तोडून वाटले गेले, परत वाढले.

पण हॅलाइडचा उजेड पिवळसर पडायचा आणि निळा कमी असायचा. ती उणीव भरून काढली ‘ॲक्टिनिक’ नळ्यांनी, ४२० नॅनोमीटरच्या आसपास जांभळट-निळा उजेड देणाऱ्या. या जातीच्या नळ्या वापरल्या जायच्या डायझो प्रिंटिंगमध्ये. सिव्हिलवाल्यांना हे नाव कळणार नाही, ‘अमोनिया प्रिंट’ म्हटलं की लगेच कळेल. नकाशाच्या त्या उग्र वासाच्या निळ्या प्रती काढणारा उजेड, आणि प्रवाळाच्या पोटातल्या शेवाळाला आवडणारा उजेड, दोघे शेजारी निघाले.

या जोडगोळीने १९८० आणि ९० ची दशकं गाजवली. पण आपल्यासारख्याला तिचा उपयोग किती? वर काढलेला १५० वॅटचा आकडा आठवा. एवढा दिवा आठ तास लावला तर महिन्याला ३६ युनिट, चोकचा खर्च वेगळा. त्यात तापलेलं पाणी थंड करायला चिलर, त्याची वीज आणखी. आणि २००५ नंतरची काही वर्षं आठवा, महाराष्ट्रभर लोडशेडिंग होतं आणि पुण्या-मुंबईबाहेर दिवसातले कित्येक तास लाइट नसायची. साध्या इन्व्हर्टरवर हॅलाइड म्हणजे स्कूटरला नांगर जुंपणं. मोठी टाकी, थंड गाव, भरवशाची वीज, या तिन्ही गोष्टी त्या दिव्याने गृहीत धरल्या होत्या.

निळा एलईडी आणि मॉस्कोची टाकी

१९९३ साली जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी बनवला. लाल आणि हिरवे एलईडी आधीपासून होते, निळा अडून बसला होता. या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. घरचा पांढरा एलईडी बल्बसुद्धा आतून निळाच असतो, त्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप दिलेला. म्हणजे जगाने पांढऱ्या उजेडासाठी जो निळा शोधला, तो ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा शेवाळाला नेमका हवा होता. पुन्हा उसनवारी. २००६ च्या सुमारास अमेरिकेत टाकीसाठी खास एलईडी दिवे आले, पेटंटच्या वादात काही वर्षं अडखळले, आणि मग स्वस्त होत होत सगळीकडे पोचले.

इथे एक आडवळण घेतो, कारण ते सोलापूरकरांच्या कामाचं आहे. निळ्या उजेडाखाली काही प्रवाळ हिरवे, केशरी, लाल चमकतात. त्यांच्या अंगात निळा उजेड गिळून दुसरा रंग बाहेर टाकणारी प्रथिनं असतात. जेलीफिशमधलं असं हिरवं प्रथिन शिमोमुरा यांनी १९६२ साली शोधलं होतं, आणि पुढे जीवशास्त्रात पेशींवर खूण करायला ते जगभर वापरात आलं. पण लाल रंगाचं प्रथिन कुणाला सापडत नव्हतं. १९९९ साली ते रशियन शास्त्रज्ञांना सापडलं, डिस्कोसोमा या मश्रूम कोरलमध्ये. त्यांनी नमुने आणले होते मॉस्कोतल्या हौशी लोकांच्या टाक्यांतून. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, बर्फाच्या गावात, कुणीतरी दिव्याखाली सांभाळलेला तो जीव. आज पेशींच्या रंगीत चित्रांत दिसणाऱ्या लाल खुणांपैकी कित्येकांची वंशावळ त्या प्रथिनापर्यंत जाते. समुद्र नसलेल्या गावात हा छंद कशाला, असं कुणी विचारलं तर मी हे उत्तर देतो.

पण एलईडीने जुना प्रश्न परत आणलाच. आता चॅनेल वेगवेगळे असतात, निळा शंभर टक्के आणि पांढरा शून्य करून टाकी डिस्कोथेकसारखी चमकवता येते, मोबाइलवर फोटो झकास येतो. हा दिवा पुन्हा बघणाऱ्यासाठी झाला. निळा शेवाळाला चालतो हे खरं, पण इतका प्रखर आणि इतका वेळ कशासाठी, याचं उत्तर फोटोत असतं, पाण्यात नसतं.

ऊन विष कधी होतं

१९९८ साली एल निन्योमुळे जगभरचे समुद्र तापले आणि प्रवाळ पांढरे पडले. त्या एका वर्षात जगातल्या सुमारे १६ टक्के प्रवाळांची हानी झाली असा तेव्हाचा अंदाज होता. लक्षद्वीपला जबर फटका बसला. त्यानंतर २०१० ला, २०१४ ते १७ मध्ये, आणि २०२३ पासून पुन्हा हेच झालं. आपल्याकडच्या मालवणच्या प्रवाळांवरही असं पांढरं पडणं शास्त्रज्ञांनी नोंदवलं आहे.

हे होतं कसं? पाणी तापलं की शेवाळाची उजेड वापरायची यंत्रणा बिघडते. उजेड मात्र येतच राहतो, आणि न वापरलेल्या ऊर्जेतून पेशीला घातक असे ऑक्सिजनचे रेणू तयार होतात. मग प्रवाळ शेवाळाला बाहेर काढतो. म्हणजे एरवी जो उजेड जेवण आहे, तोच गरम पाण्यात विष होतो. १९९८ साली ताहितीच्या परिसरात पाणी तापलेलं असूनही प्रवाळ बरेच वाचले, आणि संशोधकांनी त्याचं श्रेय तेव्हाच्या ढगाळ हवेला दिलं. सावलीने वाचवलं.

सोलापूरसाठी यात सरळ धडा आहे: एप्रिल-मेमध्ये दिवा मंद करायचा. बहुतेक तयार माहितीपत्रकांत हे नसतं, कारण ती थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेली असतात.

आणि मालवण. तिथल्या किनाऱ्यालगत जिवंत प्रवाळ आहेत हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कासिम आणि वाफर यांनी १९७९ साली नोंदवलं. १९८७ साली तिथे २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. पाणी लक्षद्वीपसारखं काचेगत नाही. नद्यांचा गाळ येतो, पावसाळ्यात सगळं गढूळ होतं. तरी पोराइट्स, फेव्हाइट्स, टर्बिनेरिया हे प्रवाळ तिथे टिकून आहेत, कमी उजेडात भागवायला शिकलेले. आपल्या महाराष्ट्राचा रीफ हा असा मंद दिव्याचा रीफ आहे.

पण ते प्रवाळ घरी आणायचे नाहीत. ११ जुलै २००१ पासून खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे वगैरे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. शिक्षा तीन ते सात वर्षं. मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही त्यातून सुटत नाही, त्यामुळे परदेशी पुस्तकांत पहिल्याच पानावर येणारा ‘जिवंत खडक’ आपल्याकडे बाद. मला हा नियम अडचण वाटत नाही. हा तर स्पेसिफिकेशनचा पहिला मुद्दा आहे. टाकीत काय राहणार हे ठरलं की दिवा आपोआप लहान होतो.

मग शेवटी काय लावलं?

माझी टाकी ३० बाय ३० सेंटिमीटर, पाणी वीस लिटर, आरओच्या पाण्यात कृत्रिम मीठ. खडक भट्टीत भाजलेल्या सिरॅमिकचे. त्यावर कॉलर्पासारखं शेवाळ आणि एका छंदिष्टाच्या टाकीत फुटून वाढलेले मश्रूम, त्याच डिस्कोसोमाच्या गोत्रातले. यांना दगडी सांगाडा नसतो, म्हणून ते कठीण प्रवाळांच्या गटात मोडत नाहीत. तरी कुठून आले हे विचारून, पटलं तरच घ्यावेत. यांना पार ३० ते १०० पुरे.

दिवा १५ वॅटचा एलईडी, पांढरा आणि ४५० चा निळा असे दोन चॅनेल, दोन्ही मंद करता येणारे. पाण्यापासून एक वीत वर. पहिल्या आठवड्यात ३० टक्के, मग महिनाभर हळूहळू वाढवत ६० टक्के. त्याच्या पुढे जायची गरज पडली नाही. मश्रूम पसरून सपाट बसले तर उजेड बरोबर, आक्रसून कडा वर वळवल्या तर जास्त, देठ लांबवून वर ताणले तर कमी. मीटर नसला तरी हे मोजमाप पुरतं. महिन्याची वीज पूर्ण क्षमतेने धरली तरी साडेतीन-पावणेचार युनिट.

उष्णतेसाठी जुन्या पीसीचा १२ व्होल्टचा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका. हे माठाचं तत्त्व. मुंबईच्या दमट हवेत हा पंखा फारसं काही करत नाही, सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो पाणी दोन-चार अंशांनी सहज उतरवतो. आपल्या हवेचा हा एक फायदा. बदल्यात पाणी उडतं. वीसमधलं एक लिटर उडालं तर खारटपणा हजारी ३५ वरून जवळपास ३७ वर जातो, म्हणून रोज गोडं पाणी खुणेपर्यंत भरायचं. मीठ उडत नाही, मीठ परत घालायचं नाही. भर उन्हाळ्यात एवढ्याने भागत नाही, म्हणून टाकी घरातल्या सर्वात थंड, उत्तरेकडच्या खोलीत आहे, जिथे दुपारी घरच्यांसाठी एसी चालतोच.

लाइट गेली तर? दिव्याची काळजी शेवटी करायची. याँगच्या अंधाऱ्या पेटीने तेवढं शिकवलं आहे, उजेड नसला म्हणून एक-दोन दिवसांत कुणी मरत नाही. मालवणला आषाढात आठवडेच्या आठवडे ढग असतात. पाणी हलायचं थांबलं तर मात्र ऑक्सिजन संपायला काही तास पुरतात. इन्व्हर्टरची पहिली वायर पंपाला, दुसरी पंख्याला, दिवा रांगेत तिसरा.

टायमर दुपारी चार ते रात्री बारा लावलाय. सोलापूरची तापलेली दुपार सरल्यावर, म्हणजे दिव्याची उष्णता आणि हवेची उष्णता एकावर एक चढत नाहीत. उन्हाळ्यात तो सहा तासांवर आणि ४० टक्क्यांवर येतो. तुम्ही पुण्यात असाल तर एवढी ताणाताण लागणार नाही, मुंबईत असाल तर पंख्यावर विसंबू नका. आणि खरे प्रवाळ बघायचे असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मालवणला जा, पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असतं. पोहताना फक्त त्यांच्यावर पाय ठेवू नका.